माशांच्या ताटात शेवाळ!



परवा चौथीच्या वर्गात अन्नसाखळी शिकवत होते. फळ्यावर लिहिलं : शेवाळ, बारीक जीव, छोटा मासा, मोठा मासा, माणूस. तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर झाला. “बाई, पाळलेल्या माशाला मासेच खायला घालतात ना? मग मासे वाढले कुठे?”

प्रश्न अगदी नेमका होता. नॉर्वे, चिली या देशांत समुद्रात जाळ्यांचे पिंजरे सोडून त्यांत सॅमन मासे पाळतात. सॅमन मांसाहारी. त्याच्या खाद्यात बारीक मासळीचं पीठ आणि तेल घालतात. एक किलो पीठ करायला साधारण ४ ते ५ किलो ताजी मासळी लागते! यातली पुष्कळशी येते पेरू देशाच्या समुद्रातून. तिथला अँकोव्हेटा मासा म्हणजे आपल्या मांदेलीचा लांबचा भाऊच. २०२३ मध्ये तिथलं समुद्राचं पाणी तापलं, आणि पेरू सरकारला या मासेमारीचा पहिला हंगाम रद्द करावा लागला. शिवाय हेच मासे समुद्रपक्ष्यांचंही जेवण असतात. ते आपणच उपसले तर त्यांनी काय खायचं?

आता खरी गंमत ऐका. माशाचं तेल मेंदूला, डोळ्यांना चांगलं, असं आपण म्हणतो ते त्यातल्या ‘ओमेगा-३’मुळे. पण समुद्रात ते मुख्यतः तयार करतं सूक्ष्म शेवाळ. डोळ्यांना न दिसणारं, पाण्यात तरंगणारं. बारीक जीव ते खातात, त्यांना मासे खातात. म्हणजे माल शेवाळाचा, मासा नुसता हमाल!

मग थेट शेवाळाकडेच का जाऊ नये? अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या ब्लेअर गावी २०१९ मध्ये असाच एक कारखाना सुरू झाला. समुद्र शेकडो मैल लांब! तिथं बंद टाक्यांत मक्याच्या साखरेवर शेवाळासारखाच एक सूक्ष्मजीव वाढवतात. व्यापारात त्यालाही शेवाळच म्हणतात. त्याला उन्हाचीही गरज नसते. त्याचं तेल सॅमनच्या खाद्यात जातं.

मग सगळेच असं का करत नाहीत? कारण खर्च. उघड्या टाकीतल्या हिरव्यागार दिसणाऱ्या एका लिटर पाण्यात सुकं शेवाळ असतं जेमतेम ग्रॅमभर. ते गाळायचं, सुकवायचं, म्हणजे पैसे आलेच.

आपल्याकडे कोळंबीची पिल्लं वाढवतात, तिथं त्यांचं पहिलं जेवण सूक्ष्म शेवाळच असतं. आणि आपला शेतकरी तळ्यात शेण टाकतो, ते कशासाठी? पाणी हिरवं व्हावं म्हणून! त्या शेवाळावर बारीक जीव पोसतात, आणि त्यांच्यावर कटला मासा.

तर त्या मुलाला मी सांगितलं, “माशाला मासा घातला तर मासे फारसे वाढत नाहीत. साखळीच्या पहिल्या कडीपासून सुरुवात केली, तरच वाढतात.”

करून पाहा : मोठ्यांना बरोबर घेऊन तळ्याचं पाणी आणा. काचेच्या दोन बाटल्या भरा. एक खिडकीत उजेडात ठेवा, दुसरी अंधाऱ्या कपाटात. दहा दिवसांनी कुठलं पाणी जास्त हिरवं दिसतं? का बरं? वहीत लिहून ठेवा. आणि हो, ते पाणी तोंडात घालू नका, नंतर हात साबणानं धुवा!

तुमच्या,
बाई