दुरुस्ती आणि सचोटी

यंत्र बिघडले की ते टाकून नवे आणावे, अशी वृत्ती आज सर्वत्र बळावत आहे. नवी वस्तू घेण्यात दोष नाही. परंतु बिघाड कशाने झाला हे न पाहताच जुनी वस्तू अडगळीत टाकणे, म्हणजे हाती आलेली विद्या दवडणे होय. जुन्या मोटारसायकलचा वेगमापक, ज्याला लोक ‘मीटर’ म्हणतात, तो याचे उत्तम उदाहरण आहे.

या मीटरची रचना मनोवेधक असते. गाडी चालू लागली की एक लवचिक तार फिरते व तिच्या टोकाचे लोहचुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा स्पर्श होत नाही. तथापि फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे प्रवाह उत्पन्न होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवते. या ओढाताणीत जेथे तोल साधतो, तेथे काटा स्थिरावतो. ओटो शुल्झे या जर्मन संशोधकाने १९०२ मध्ये या युक्तीचे पेटंट घेतले.

असे नाजूक यंत्र घरी उघडू नये, ते कारागिराचे काम आहे, असे पुष्कळांचे म्हणणे असते. त्यात तथ्य आहे; पण ते अर्धेच. तारेला वंगण अधिक झाले, तर ते वर चढून चुंबक व वाटी यांमधील फटीत साचते आणि काटा अडखळतो. एवढा दोष घरातील जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली दूर करता येतो. मात्र काचेभोवतीचे कडे चोहोबाजूंनी थोडे थोडे उचलावे, सुटे भाग काढल्या क्रमाने स्वच्छ कापडावर मांडावेत आणि उलट क्रमाने जोडावेत. स्प्रिंग वाकली असेल किंवा काटा निघाला असेल, तर मात्र कुशल कारागिराकडेच जावे. चुकीचा वेग दाखवणारा काटा बंद काट्याहून घातक असतो.

खरी कसोटी मात्र पुढेच आहे. मीटरच्या पोटात आकड्यांच्या चाकांची रांग असते. एक चाक पुरते फिरले की शेजारचे एक घर पुढे सरकते. गणितातले एकक, दशक, शतक येथे प्रत्यक्ष चालताना दिसतात. गाडी किती किलोमीटर धावली, याची ही नोंद. मीटर उघडणाऱ्याच्या हाती ही चाके सापडतात. ४५,००० चा आकडा मागे फिरवून १५,००० करण्याचा मोह येथेच होतो. त्यामुळे गाडी विकत घेणारा फसतो. इतकेच नव्हे, तर गाडी नवीच आहे असे समजून तो झिजलेल्या भागांची तपासणी लांबणीवर टाकतो आणि अपघाताला निमंत्रण मिळते. म्हणून चाके होती त्याच आकड्यांवर बसवावीत. ते अशक्य असेल, तर जुना आकडा लिहून ठेवावा व गाडी विकताना स्पष्ट सांगावा.

हातांना कौशल्य आले की त्यांना फसविण्याचेही सामर्थ्य येते. म्हणूनच दुरुस्तीच्या शिक्षणात हत्यारांइतकेच सचोटीलाही स्थान हवे. मीटर पुन्हा चालू झाले, एवढ्याने दुरुस्ती पुरी होत नाही. ते पुन्हा खरे सांगू लागले, म्हणजेच ती पुरी झाली.