थर्माकोलचा बर्फ आणि नाचणीचं रुजवण

नाताळच्या सुट्टीत गणपतीपुळ्यात पाय ठेवायला जागा नसते. मागच्या डिसेंबरात देवाची प्रदक्षिणा, म्हणजे अख्ख्या डोंगराला वळसा, संपवून मी एका घरगुती खाणावळीत शिरलो. पडवीच्या खांबाला थर्माकोलचा सांताक्लॉज टांगला होता, दाढीला कापूस, आणि त्याच खांबावर भाद्रपदात बांधलेलं तोरण अजून लोंबत होतं. लाल टोपीखाली घामाने निथळणारा पोरगा पानात मोदक वाढत होता. पंगतीला रत्नागिरीकडच्या एका चर्चच्या मंडळीतले दोघे होते. यंदापासून नाताळ गावाला बोलावून करायचा, असं ते आपसात बोलत होते. झालं, पंगतीत वाद पेटला.

शेजारच्या पानावरचे काका म्हणाले, ‘‘परंपरा असावी लागते, सुरू करता येत नाही.’’ ऐकायला भारदस्त. पण रत्नागिरी जिल्ह्यात बसून बोलण्याजोगं नव्हे. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३पासून उभा केला तो रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांनीच. (पहिला गणपती कोणाचा, हा पुण्याचा वाद पुण्यातच राहू दे.) सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशाने उभं राहिलेलं पतितपावन मंदिर १९३१चं. सगळ्या जातींनी एका देवळात यायचं, ही रीत तिथे कोणी वारशाने आणली नव्हती, मुद्दाम लावली.

दुसरा आक्षेप, हे सगळं परकं. सांता परका, कबूल. कापसाचा बर्फ तर कोकणची थट्टाच. पण नाताळ म्हणजे सांता नव्हे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६मध्ये रायतूरला छापलं गेलं. म्हणजे शिवजन्माच्या १४ वर्षं आधी. लिपी रोमन, पण छंद ओवीचा आणि भाषा मराठी. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना पुराण ऐकण्याची सवय होती, म्हणून ख्रिस्तजन्माचीही कथा त्यांना पुराणासारखीच मिळाली. पुढे आपल्याच जिल्ह्यातल्या करजगावचे नारायण वामन टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले आणि भजन-कीर्तन बरोबर घेऊनच गेले. पुळ्याला लागून असलेल्या मालगुंडच्या केशवसुतांचा आणि त्यांचा स्नेह होता. तेव्हा परकं कोणाला म्हणायचं, हे एकदा ठरवून टाका.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. ‘‘हा बाटवायचा डाव आहे,’’ कोणीतरी हळूच म्हणालं. पोर्तुगिजांनी गोव्यात देवळं पाडली. ती आठवण खोटी नाही, आणि स्टीफन्स त्याच राजवटीत वावरले. संशय घेणाऱ्याला अडाणी ठरवून हा प्रश्न मिटत नाही. तो मिटतो वागण्यातून. फराळाच्या ताटाखाली पत्रक ठेवलं, आलेल्यांचे फोन नंबर वहीत उतरवून घेतले, प्रार्थनेला बसाल तरच खाऊ असं पोरांना सांगितलं, तर तो सण राहत नाही, गळ होतो. आणि कोळ्यांच्या किनाऱ्यावर गळ ओळखायला कोणाला शिकवावं लागत नाही.

चौथा आक्षेप चर्चच्याच माणसाचा. त्या दोघांतला वडीलधारा म्हणाला, ‘‘टाळ-मृदंग आणले की आमचं काय उरलं?’’ अहो, पण गोठा तरी तुमचा कधीपासून? १२२३मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री खरा बैल, खरं गाढव आणि गवताची गव्हाण मांडली, तेव्हापासून ती चाल पसरली. नाताळचं झाड जर्मन. ग्रेचोचा बैल चालतो, मग मालगुंडचा टाळ का चालू नये?

म्हणून माझं म्हणणं असं की नाताळ गावात जरूर आणा, पण मॉलमधून आणू नका. डीजे, लकी ड्रॉ, सेल्फीसाठी पाळणा, हे पर्यटक एका रात्रीत संपवून जातात, शेजारी तसाच राहतो. शिमग्याला पालखी दारोदार जाते तशी कॅरोलची मंडळी जाऊ दे, मराठीत गात, पेटी आणि टाळ घेऊन. ख्रिस्तपुराणातल्या जन्मकथेच्या ओव्या कोणी नीट वाचून दाखवल्या, तर पोथी ऐकलेल्या आज्यांना अर्थ सांगावा लागणार नाही. फराळाचं ताट पाठवा. गोव्याच्या नाताळातली नेवरी म्हणजे आपली करंजीच, आणि दोदोलात तांदूळ, नारळ, गूळ, म्हणजे सगळं आपल्याच परसातलं. ताट रिकामं परत येणार नाही, कोकणात ते येत नसतं. गणपतीत उलट दिशेने भरून निघेल. आणि हे निदान दहा वर्षं करा, पहिल्या वर्षी चारच माणसं आली तरी.

गोव्यात गोठ्याभोवती हिरवळ दिसावी म्हणून घरोघरी आधी काही दिवस ताटलीत नाचणी नाहीतर गहू रुजत घालतात. हे मी बोललो तेव्हा ताक घेऊन आलेल्या खाणावळीच्या काकू थबकल्या.

‘‘म्हणजे घटाचं रुजवण?’’

‘‘तेच म्हणा.’’

‘‘त्यांच्या देवालाही लागतं होय!’’ काकूंनी पडवीतल्या त्या दोघांकडे एकदा नीट बघितलं. ‘‘माझ्याकडे यंदाची नाचणी आहे. पायलीभर पुरेल का, विचारा त्यांना. आणि म्हणावं, पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. ओतलं की कुजते.’’