हिटलरच्या शाबासकीची अमरावतीला गरज नाही

अमरावती-अकोल्याकडे शाळेचं स्नेहसंमेलन असो की कबड्डीच्या सामन्यांचं उद्घाटन, भाषणात एक दाखला हमखास येतो. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ कबड्डी खेळला आणि खुद्द हिटलरने त्याची पाठ थोपटली. ‘आपल्या पोरायनं हिटलरले दाखवून देलं’ असं वक्त्याने म्हटलं की टाळ्या पडतात. दुसऱ्या बाजूला पदकांच्या हिशेबात मुरलेले जाणकार आहेत. ते म्हणतात, पदकतक्त्यात नाव नाही, अधिकृत भारतीय पथकात नाव नाही, मग हा सहभाग कसला? मला दोन्ही पक्ष अमान्य आहेत. एकाने या घटनेला खोटा टेकू दिला आहे, दुसऱ्याने तिच्यावर चुकीची फूटपट्टी लावली आहे.

आधी टाळ्या घेणाऱ्यांकडे वळू. बर्लिनच्या स्पर्धेत कबड्डी नव्हती. प्रदर्शनीय खेळ म्हणून अधिकृत मान मिळाला तो बेसबॉल आणि ग्लायडिंगला. भारताचं एकमेव पदक हॉकीचं, १५ ऑगस्टला ध्यानचंदच्या संघाने जर्मनीला ८-१ असं हरवून मिळवलेलं सुवर्णपदक. अमरावतीच्या तुकडीने आपले खेळ दाखवले ते त्याच काळात, ऑलिम्पिकला जोडून भरलेल्या शारीरिक शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्याच्या निमित्ताने. हे सांगितल्याने मंडळाचं काही कमी होत नाही. उलट ‘ऑलिम्पिकमध्ये खेळले’ असं ठोकून दिलं की पहिला अभ्यासू वाचक ते खोडतो, आणि खोट्याबरोबर खरंही वाहून जातं.

आता ती शाबासकी. मिळाली असेल तरी ती मिरवायची कशासाठी, हा माझा प्रश्न आहे. १९३५च्या सप्टेंबरमध्ये न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी जर्मन ज्यूंचं नागरिकत्व हिरावलं गेलं होतं. ग्रेटेल बर्गमन या ज्यू मुलीने ऐन स्पर्धेच्या तोंडावर उंच उडीत १.६० मीटरची उडी घेऊन जर्मन विक्रमाशी बरोबरी केली, तरी तिला संघातून वगळलं गेलं. पाहुण्यांच्या नजरेला नको म्हणून बर्लिनमधल्या सिंती-रोमा कुटुंबांना उचलून मार्त्सानच्या छावणीत कोंबण्यात आलं. आणि आपल्याबद्दल काय मत होतं? जानेवारी १९३६मध्ये म्युनिकच्या भाषणात हिटलरने गोऱ्या वंशाच्या सत्तेचा हक्क सांगितला होता. सुभाषचंद्र बोस तेव्हा युरोपात होते. भारतीयांचा अपमान करणाऱ्या या वृत्तीचा त्यांनी मार्चमध्ये जर्मनीतल्या आपल्या परिचिताला पत्र लिहून खणखणीत निषेध केला. ज्या माणसाच्या लेखी आपण हीन होतो, त्याच्या कौतुकाने आपली छाती फुगावी याचं मला मनापासून दुःख होतं. तिथे गेलेल्या तरुणांना मी दोष देत नाही. पाहुण्यांकडून वाहवा मिळवायची आणि पाहुण्यांना वाहवा द्यायची, हा त्या राजवटीचा बेतच होता. पण त्यानंतर जगाने जे पाहिलं ते माहीत असूनही आपण ही शाबासकी व्यासपीठावर मांडतो, त्याची जबाबदारी आपली.

पदकवाल्यांचं म्हणणं वरवर चोख वाटतं. राष्ट्राचा संघ म्हणजे राष्ट्रीय संघटनेने निवडलेला संघ, बाकी सारं खाजगी. पण १९३६मध्ये राष्ट्र होतं कुठे? ध्यानचंदचा संघसुद्धा ब्रिटिश अंमलाखालच्या भारताच्या निशाणामागे चालला. अशा काळात देशाचं काहीतरी जगापुढे न्यायचं, तर ते करणाऱ्या संस्था खालूनच उभ्या राहणार. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४मध्ये अमरावतीत लावलेलं हे रोपटं तसंच होतं. हुतात्मा राजगुरूंनी इथल्या मातीत व्यायामाचे धडे घेतले होते. १९३१च्या मार्चमध्ये ते फासावर गेले आणि पाच वर्षांनी याच मातीतली मुलं बर्लिनला होती.

ती तिथे काय करत होती, हे नीट पाहिलं पाहिजे. कबड्डी, मल्लखांब, लेझीम दाखवायचं म्हणजे केवळ अंगातली चपळाई दाखवायची नसते. समोर शारीरिक शिक्षणाचे परदेशी विद्यार्थी आणि शिक्षक. त्यांना समजेल असा क्रम लावायचा, एकाच हुकमावर सगळ्यांनी वळायचं, दम कुठे धरायचा, मल्लखांबावर पकड कशी बदलायची ते उलगडायचं. गावोगाव वेगळ्या नियमांनी चालणारा खेळ शिकवता येईल अशा रीतीला आणायचा. आमच्याकडेही शरीर घडवण्याचं शास्त्र आहे, हा दावा त्यात होता. १९४९मध्ये मंडळाचं पथक स्टॉकहोमच्या लिंगियाडला गेलं. स्वीडिश व्यायामपद्धतीचा जनक पेर हेन्रिक लिंग याच्या नावाने भरणारा तो मेळा, जिंकण्या-हरण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा पदक मिळालं नाही म्हणून या सहभागाला शून्य गुण देणं म्हणजे शिक्षकाला धावण्याच्या शर्यतीत शेवटचा ठरवण्यासारखं आहे.

बर्लिनमुळे कबड्डी जगभर गेली, हेही मी मानत नाही. १९३८ला कलकत्त्याच्या राष्ट्रीय स्पर्धांत ती आली, १९५०मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, बुवा साळवींसारख्यांनी आयुष्य वेचलं, तेव्हा कुठे १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत पहिलं सुवर्ण आलं. मधली चोपन्न वर्षं कार्यकर्त्यांच्या पायपिटीची आहेत. आणि २०१८ला जकार्तात इराणने आपल्या पुरुषांना उपांत्य फेरीत, महिलांना अंतिम सामन्यात हरवलं, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. आपण शिकवलेलं कुणीतरी खरोखर शिकलं होतं.

आता २०३६च्या ऑलिम्पिकचं यजमानपद मिळावं म्हणून भारताने ऑक्टोबर २०२४मध्ये रीतसर इच्छापत्र दिलं आहे. कबड्डी-खोखो त्यात असावेत अशी मागणी आहे, आणि ते बर्लिनचं शताब्दी वर्षही आहे. मागणी योग्यच. पण अकोल्याच्या एखाद्या शाळेत खेळाचा तास गणिताला जातो आणि मैदानावर वाहनं लागतात, तिथे २०३६चं स्वप्न रुजणार कसं? अकोल्यातल्या क्रीडा प्रबोधिनीत बुलडाण्याकडची पोरं येऊन बॉक्सर होतात, कारण तिथे रोज उभा राहणारा शिक्षक आहे.

शताब्दीच्या आधी एक काम मात्र आताच हाती घ्यायला हवं. मंडळाचं दप्तर, गेलेल्यांच्या घरच्या ट्रंकांतली छायाचित्रं आणि पत्रं, त्या आठवड्यांतली बर्लिनची वर्तमानपत्रं आणि १९३७मध्ये छापलेला ऑलिम्पिकचा दोन खंडांचा अधिकृत अहवाल, हे सगळं एकत्र ठेवून कोण गेलं, कुठे, कोणत्या दिवशी, काय दाखवलं याची पुराव्यानिशी नोंद करावी. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाने इतिहास आणि शारीरिक शिक्षण या दोन्ही विषयांचे विद्यार्थी त्यावर बसवावेत, जर्मन वाचणारा एक माणूस सोबत द्यावा आणि ते पुस्तक मराठीत छापून वऱ्हाडातल्या प्रत्येक शाळेत पाठवावं.