पिकार्डविना उन्हाळा
जून १९९० मध्ये अमेरिकेत ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अंतराळ-मालिकेच्या तिसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग लागला आणि चाहत्यांची झोपच उडाली. माणसांना यंत्रांत मिसळून टाकणाऱ्या बोर्गांनी मालिकेचा नायक, यानाचा कॅप्टन पिकार्ड याला पळवून आपल्यातलाच एक करून टाकलं होतं. पडद्यावर त्याचा यंत्रांनी जखडलेला, भावशून्य चेहरा, आणि त्याच्याच हाताखालचा अधिकारी रायकर त्याच्यावर मारा करण्याचा हुकूम देतो. तिथेच ‘क्रमशः’! पुढचा भाग थेट सप्टेंबरअखेरीस. पिकार्ड मरणार का, त्याची भूमिका करणारे पॅट्रिक स्ट्यूअर्ट मालिका सोडताहेत का, याचा खल उन्हाळाभर चालला. आमचा उन्हाळा तुम्ही नासवलात, असं रस्त्यात शेजारच्या गाडीतून कुणीतरी सुनावल्याची आठवण स्ट्यूअर्ट यांनी पुढे सांगितली आहे. चाहत्यांना काय ठाऊक, या कथेचा पहिला भाग लिहिताना लेखक मायकेल पिलर यांनाही पुढची सुटका सुचलेली नव्हती! सुटका झाली, पण या कथेचं खरं मोल त्यानंतरच्या ‘फॅमिली’ या भागात आहे. फ्रान्समधल्या आपल्या गावी, द्राक्षमळ्यातल्या चिखलात थोरल्या भावाशी झोंबता झोंबता पिकार्ड ढसाढसा रडतो. संकटं दर आठवड्याला निस्तरून विसरली जाण्याच्या त्या काळात नायकाची जखम अशी उघडी ठेवणं हे लेखक रोनाल्ड मूर यांचं मोठं धाडस होतं.