कोटाची कुंडली

आमच्या लेकीने न्यू जर्सीत एक जुना लोकरी कोट विकत घेतला आणि त्या दिवसापासून तिच्या घरात पुरातत्त्व खाते सुरू झाले. पुण्यात असताना हीच मुलगी मावसबहिणीचा फ्रॉक ‘उतरलेला’ म्हणून अंगाला लावून घेत नसे. आता कोणा अनोळखी बाईने टाकून दिलेला कोट तिने डोक्यावर घेतला होता, कारण कॉलरखाली एका थोर डिझायनरचे नाव होते. (ते मी सांगणार नाही. नावाचा हा रोग आणखी पसरवण्याची माझी इच्छा नाही.)

“बाबा, हा नक्की कधीचा ते शोधायचंय,” ती म्हणाली. जावईबापूंनी भिंग आणले, कोट जेवणाच्या टेबलावर उताणा पाडला आणि कुंडली मांडायला बसले.

शास्त्र तसे पक्के आहे, हे कबूल. वूलमार्कचे चिन्ह १९६४ साली निघाले. ते असेल तर कोट त्याआधीचा नव्हे. कपडा कसा धुवावा हे सांगणारी पट्टी अमेरिकेत १९७२ पासून सक्तीची झाली. पण पट्टी नाही म्हणून कोट जुना, असेही नाही. मानेला टोचते म्हणून कोणी कापूनही टाकली असेल! दुकानदाराने मात्र चिठ्ठीवर बेधडक ‘१९६० चे दशक’ लिहून टाकले होते.

इतक्यात अस्तराच्या शिवणीत एक चिमुकले लेबल सापडले. लाल, पांढरे, निळे. “तीन रंग! म्हणजे १९७४ नंतरचा!” जावईबापू ओरडले. “आणि १९९५ च्या आतला, कारण त्या साली ही युनियन दुसऱ्या युनियनमध्ये मिसळली.” लेकीचा चेहरा पडला. स्थळ सांगितल्यापेक्षा दहा वर्षांनी तरुण निघाले म्हणून हिरमुसलेली वधू मी प्रथमच पाहिली.

माझे भांडण सुरू होते ते इथे. अहो, ते लेबल काय कॅलेंडर म्हणून लावले होते? ते बायकांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या युनियनचे लेबल. ही युनियन १९०० साली न्यूयॉर्कात स्थापन झाली. १९०९ साली तिथल्या शिवणकाम करणाऱ्या हजारो पोरींनी संप केला, तेव्हा ‘ट्रँगल’ नावाच्या ब्लाउजच्या कारखान्याच्या मालकांनी युनियनला मान्यता दिली नाही. २५ मार्च १९११ रोजी त्या कारखान्याला आग लागली. नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते. १४६ माणसे गेली. त्यांत बहुतेक परदेशातून पोटासाठी आलेल्या तरुण मुली. हा कपडा युनियनच्या माणसांनी शिवला आहे, एवढे गिऱ्हाइकाला कळावे म्हणून ती चिंधी शिवणीत असते. आणि आपण भिंग लावून तिचे रंग मोजतो!

“पण बाबा, नाव मोठं म्हणूनच कोट इतकी वर्षं टिकला ना?” जावईबापू म्हणाले.

टिकला तो शिलाईमुळे. नावाचे काय, चार टाके उसवले की ते या कोटावरून त्या कोटावर जाते, आणि लबाड लोक ते नेतातही. नाव उसवले तर कोट पडत नाही. बगल उसवू द्या, मग बघा! पण बगल शिवणारीचे नाव विचारायला भिंग घेऊन कोणी येत नाही.

साल कळल्यावर लेकीने ते लोंबणारे लेबल कापायला कात्री उचलली. मी ती हिसकावून घेतली.

“असू दे,” मी म्हणालो. “कोट कधी जन्मला ते तुम्ही शोधलंत. बाळंतपण कोणी केलं, ते त्या चिंधीवर आहे.”

लेक काही बोलली नाही. सौ. उठली, सुईदोरा घेऊन आली आणि लेबलाचे सुटलेले टोक तिने मुकाट्याने टाचून टाकले.