साझ्याला कुलूप

परवा पुतणीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याच्या दारात गेलो. दाराला कुलूप, वर कागद: 'अतिरिक्त कार्यभारामुळे सोमवारी व गुरुवारी भेटावे.' गेलो तो वार गुरुवारच होता. टपरीवाला चहा गाळता गाळता म्हणाला, "भाऊसाहेबांकडं तीन साझे हायेत. आज मीटिंगला गेले." साझा म्हणजे एका तलाठ्याच्या हद्दीतली गावं. तलाठ्याचं आता 'ग्राम महसूल अधिकारी' असं बारसं झालंय. पद लांबलं, माणूस तोच एकटा.

तो एकटा का पडला, याची कथा लांबून सुरू होते. जागतिक बँकेने 1989 साली आफ्रिकेवरच्या अहवालात 'गव्हर्नन्स'चा डंका पिटला आणि विद्वानांच्या तोंडचं 'सरकार' मागे पडलं. सरकारने वल्हं मारू नये, नुसतं सुकाणू धरावं, असा उपदेश सुरू झाला. आपल्याकडे 'गव्हर्नन्स'चं 'सुशासन' झालं. सुकाणूवर गर्दी मावेना आणि वल्ह्याला कोणी उरेना!

अर्थतज्ज्ञ लँट प्रिचेट यांनी 2009 साली लिहिलं, की भारतीय राज्यसंस्थेचं डोकं शाबूत आहे, पण हातपाय त्याचं ऐकत नाहीत. मला हे निदान फार दयाळू वाटतं. हातपाय ऐकतात की! फक्त काम बघून ऐकतात. 'लाडकी बहीण' योजना जून 2024 मध्ये जाहीर झाली आणि रक्षाबंधनाआधी पैसे महिलांच्या खात्यांत पडू लागले. अंगणवाडी सेविकांनी मुलं सांभाळून अर्ज भरले. नोव्हेंबरात निवडणूक होती, म्हणून यंत्रणा धावली. मतं पदरात पडल्यावर छाननी लागली, तेव्हा लाभार्थ्यांत सरकारी नोकरदार निघाले आणि चक्क पुरुषही निघाले!

हाच माझा आरोप आहे. आपलं राज्य दुबळं नाही, आवडीनिवडीचं आहे. वाटणारा हात दणकट, तपासणारा लुळा. वाटायला एक बटण पुरतं. तपासायला गाव ओळखणारा, कागद वाचणारा, 'नाही' म्हणण्याची धमक असलेला पगारी माणूस लागतो. तोच आपण काटकसरीत कापला.

वसुलीत मात्र काटकसर नाही. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. खुल्या वर्गाला शुल्क 1,000 रुपये, राखीव वर्गाला 900. बेकारांच्या खिशातून पैसे काढताना सरकारची क्षमता कुठे कमी पडली?

तेव्हा व्यासपीठावरून कोणी 'सुशासन' म्हणालं, की टाळ्या आवरा आणि एवढंच विचारा: साहेब, आमच्या साझ्याचं कुलूप कधी उघडणार?