मोबाइल शाळेंत असावा काय?

यंदाच्या पालकसभेंत शिस्त, फी व परीक्षा हे नेहमींचे विषय बाजूस राहिले आणि सर्व वेळ एकाच प्रश्नावर गेला. तो प्रश्न म्हणजे मुलांच्या हातांतील मोबाइल. एक पालक उठून म्हणाले, "गुरुजी, ह्या यंत्रापायीं पोरगं हातचं गेलं. शाळेनं तरी त्याला थारा देऊं नये." त्यांच्या शेजारींच बसलेले दुसरे गृहस्थ म्हणाले, "शहरांतलीं मुलं त्यावर शिकून पुढं जातात. मग आमचींच मागं कां राहावीं?" दोघांचेंही बोलणें पोटतिडिकेचें होतें, आणि दोघांच्याही बोलण्यांत तथ्य होतें. सभेंत आम्हांस त्यांचें नीट समाधान करतां आलें नाहीं. तें काम ह्या लेखांत करण्याचा विचार आहे.

आमचें मत आरंभींच सांगतों. मोबाइल शाळेंत असावा. परंतु तो शिक्षकाच्या नजरेखालीं असावा, नियमानें बांधलेला असावा, आणि त्यावर पहिला हक्क वर्गांत बसलेल्या मुलाचा नसून, जें मूल वर्गांत येऊंच शकत नाहीं त्याचा असावा. हें शेवटचें म्हणणें वाचकांस कदाचित् चमत्कारिक वाटेल. म्हणून थोडें विस्तारानें लिहितों.

नव्या साधनाचें भय ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. आपल्या अंबेजोगाईस चारशें वर्षांपूर्वीं दासोपंतांनीं 'पंचीकरण' लिहिलें, तें कागदावर नव्हे, तर एका लांबलचक पासोडीवर. विद्येस कापड चालतें, कागद चालतो, पाटीही चालते; ती साधनाचा विटाळ मानीत नाहीं. विटाळ मानतों तो मनुष्य. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'मुंबईचें वर्णन' या पुस्तकांत लिहून ठेविलें आहे कीं, छापील कागदास शिवण्यास भिणारे लोक त्या काळींही पुष्कळ होते. आज त्याच छापील पुस्तकास पाय लागला तर आपण नमस्कार करतों! तेव्हां केवळ नवें म्हणून मोबाइलास शाळेबाहेर उभें करणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नवें साधन आलें कीं आतां शिक्षकाची गरज उरली नाहीं, अशी हाकाटी दर वेळीं होते. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर आपल्या देशांत उपग्रहाच्या साहाय्यानें सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यांत आले. आपल्या शेजारच्या कर्नाटकांतील खेडींही त्यांत होतीं. प्रयोग मोठा होता व त्यांतून पुष्कळ शिकण्यासारखें निघालें. परंतु उपग्रह अमेरिकेचा, उसना आणलेला. वर्ष सरतांच तो परत गेला. खेड्यांतील शाळा मात्र जागच्या जागीं राहिली, आणि तिच्यांतील शिक्षकही राहिला. यंत्र उसनें आणतां येतें, शिक्षक उसना आणतां येत नाहीं, हा त्यांतील बोध आम्हांस विसरतां येत नाहीं.

मोबाइलाची खरी परीक्षा झाली ती कोरोनाच्या सांथींत. २०२० च्या मार्चमध्यें शाळांना कुलुपें लागलीं. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असें म्हणत शिक्षण खात्यानें मोबाइलावरून दररोज अभ्यास पाठविण्यास आरंभ केला. 'दीक्षा' नांवाच्या ॲपवर पाठ आले. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. हेतु उत्तम होता व मेहनतही मोठी होती. परंतु आमच्या जिल्ह्यांतील घराघरांत काय घडलें तें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. घरांत फोन एक, शिकणारीं मुलें तीन, आणि तो फोन बापाच्या खिशांत शेतावर गेलेला! फोन हातीं आला तर रेंजसाठीं माळावर अगर धाब्यावर चढावयाचें. रेंज मिळाली तर पॅक संपलेला. त्यांतही फोन आधीं मुलाच्या हातीं जाई, मुलीची पाळी मागाहून, आणि तीही भांडीं घासून झाल्यावर. कित्येक शिक्षकांनीं अखेर हा नाद सोडून गांवोगांवीं पारावर व देवळाच्या ओसरीवर चार-चार मुलें दूरदूर बसवून शिकविलें. त्या दोन वर्षांनीं आम्हांस हें कळलें कीं, मोबाइल ज्याच्यापाशीं आहे त्यास तो थोडेंबहुत देतो. ज्याच्यापाशीं नाहीं त्यास तो आणखी मागें ढकलतो.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. दसरा-दिवाळी झाली कीं बीड जिल्ह्यांतील हजारों बिऱ्हाडें ऊसतोडीस निघतात. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज ह्या तालुक्यांतील गांवें ओस पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, सांगली-कोल्हापूरकडे अगर कर्नाटकांत फडावर जाते, आणि पाचटाच्या खोपींत पांचसहा महिने संसार मांडते. ज्या घरीं आजीआजोबा आहेत त्या घरचीं मुलें मागें राहतात. बाकीचीं आईबापांबरोबर जातात. तेथें धाकट्या भावंडास सांभाळणें, पाणी भरणें, भाकरी करणें व पुढें वाढ्याच्या मोळ्या बांधणें हाच त्यांचा अभ्यासक्रम होऊन बसतो. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. कायदा चांगला आहे. परंतु कायद्यास फडावरची वाट अजून पुरती सांपडलेली नाहीं.

गेल्या हंगामांत आमच्या आठवीच्या वर्गांतील एक मुलगी अशीच आईबापांबरोबर गेली. तिच्या वडिलांपाशीं साधासा स्मार्टफोन होता. आम्हीं मोठ्या उत्साहानें तिला लांबलांब व्हिडिओ पाठविण्याचा सपाटा लाविला. पंधरा दिवस होऊन गेले तरी उत्तर नाहीं. शेवटीं फोन करून विचारतां कळलें कीं, पहिल्याच व्हिडिओंत दिवसाचा पॅक संपे, खोपींत वीज नसल्यामुळें चार्जिंगसाठीं फोन दूरच्या दुकानांत ठेवावा लागे, आणि वडील गाडी भरून परत येईपर्यंत रात्र होई. चूक तिची नव्हती, आमची होती. आम्हीं तिची अडचण विचारिली नव्हती, आमची सोय मात्र पाहिली होती. हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो, पण लिहिणें प्राप्त आहे.

मग आम्हीं रीत बदलली. रोज पांच मिनिटांचा आवाजी निरोप, त्यांत पाठाचा एक उतारा वाचून दाखवावयाचा आणि तीन गणितें सांगावयाचीं. ती रात्रीं तीं वहींत सोडवी, पानाचा फोटो पाठवी, व उतारा स्वतः वाचून आपला आवाज आम्हांकडे धाडी. कधीं त्यामागें ट्रॅक्टरचा आवाज ऐकूं येई, कधीं धाकट्या भावाचें रडें. चैत्रांत ती परत आली तेव्हां मराठींत व गणितांत वर्गाच्या फारशी मागें नव्हती. विज्ञानांत मात्र पुष्कळच मागें होती, कारण प्रयोगशाळा फोनांत मावत नाहीं. तिला सहज विचारलें, "फोनावर शिकणं कसं वाटलं?" ती म्हणाली, "बाई, धडा कळला नाहीं तर फोनाला विचारतां येत नव्हतं, म्हणून तोच धडा पुन्हां पुन्हां ऐकला." मोबाइलाचें सामर्थ्य व त्याची मर्यादा हीं दोन्हीं त्या एका वाक्यांत आलीं आहेत. यापेक्षां अधिक आम्ही काय सांगणार?

सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांस २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तें वृत्त सर्वांच्या स्मरणांत असेलच. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापण्याच्या त्यांच्या कल्पनेची वाखाणणी सर्वत्र झाली. परंतु एक गोष्ट कमी लोकांस ठाऊक आहे. त्यांच्या शाळेंतील मुलांची घरची भाषा कन्नड होती. म्हणून त्यांनीं प्रथम ती भाषा शिकून घेतली व पाठ्यपुस्तकें मुलांस समजतील अशीं करून दिलीं. तो काळा-पांढरा चौकोन म्हणजे दार. दारामागें मुलाची भाषा जाणणारा शिक्षक नसेल तर दार उघडून उपयोग काय? पुरस्काराच्या दहा लक्ष डॉलरांपैकीं अर्धी रक्कम त्यांनीं इतर नऊ स्पर्धक शिक्षकांस वांटून दिली, हेंही येथें नमूद करण्यासारखें आहे.

आतां पहिल्या पालकांच्या तक्रारीस उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे, कारण ती खोटी नाहीं. 'असर' या नांवानें प्रसिद्ध होणाऱ्या शैक्षणिक पाहणीचा २०२४ सालचा अहवाल सांगतो कीं, ग्रामीण भारतांतील १४ ते १६ वयाच्या मुलांपैकीं शेंकडा ८२ मुलांस स्मार्टफोन वापरतां येतो. त्यांपैकीं आधल्या आठवड्यांत अभ्यासासाठीं तो वापरणारीं शेंकडा ५७, आणि समाजमाध्यमांसाठीं वापरणारीं शेंकडा ७६. म्हणजे मुलांस फोन शिकवावा लागत नाहीं. फोनांतून उठावें कसें, हें शिकवावें लागतें. फ्रान्सनें २०१८ सालीं कायदा करून शाळांतून विद्यार्थ्यांच्या फोनास बंदी केली. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालानेंही तंत्रज्ञान हें शिकण्यास खरोखर साह्य करील तेवढेंच शाळेंत घ्यावें, असा इशारा दिला आहे.

परंतु लांब जाण्याचें कारण नाहीं. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव या गांवीं २०२२ पासून सायंकाळीं सात वाजतां भोंगा होतो. तो झाला कीं दीड तास घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद होतात, आणि मुलें अभ्यासास व मोठीं माणसें वाचनास बसतात. यांत मुलांवरच नियम घातला नाहीं, थोरांनींही तो पाळावयाचा आहे, ही गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. बाप अंगठ्यानें पडदा सरकवीत बसला असतां "पुस्तक घे" असें त्यानें मुलास सांगावें, आणि मुलानें तें ऐकावें, असें जगांत कोठेंही घडत नाहीं!

तेव्हां आमच्या सूचना अशा आहेत. वर्गांत मोबाइल वा टॅब असावा तो शाळेचा असावा, शिक्षकानें पाठापुरता काढावा व पाठ संपतांच ठेवून द्यावा. विद्यार्थ्यानें स्वतःचा फोन शाळेंत आणूं नये. फोनावांचून जो होऊंच शकत नाहीं असा गृहपाठ कोणाही विद्यार्थ्यास देऊं नये, कारण तसा गृहपाठ म्हणजे गरिबाच्या पोरास दिलेली शिक्षा होय. शाळेच्या टॅबांपैकीं कांहीं केवळ स्थलांतर करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं राखून ठेवावेत आणि त्यांत पाठ आधींच भरून द्यावेत, म्हणजे रेंज व पॅक यांचा प्रश्न बराचसा सुटेल. पाठ लहान असावेत, आवाजी असावेत, आणि दर आठवड्यास शिक्षकानें स्वतः बोलून "काय कळलें नाहीं?" असें विचारावें. घरीं फोन असेल तर त्यावर मुलीची वेळ मुलाइतकीच असावी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करणें जरूर आहे. फोन दिला म्हणून आतां हंगामी वसतिगृहाची गरज उरली नाहीं, असें कोणींही समजूं नये. मुलानें गांवींच राहावें, पोटभर जेवावें, वर्गांत बसावें, हाच उत्तम मार्ग आहे. फोन ही नदीवरची होडी आहे. पूल बांधावयाचा राहूं नये.

आमच्या जिल्ह्यांतील ज्या वृद्धांचें बालपण १९४८ पूर्वींच्या निजामी राजवटींत गेलें, त्यांस वरच्या शिक्षणासाठीं उर्दूचा उंबरठा ओलांडावा लागे. मायबोलींत पुढें शिकणें दुर्लभ होतें. ती अडचण गेली. शाळा आली, मराठी पुस्तक आलें, आतां तर अवघा ग्रंथसंग्रह खिशांत मावूं लागला. इतकें सर्व येऊनही दिवाळीनंतर वर्गांतील कांहीं बांकें रिकामीं पडावींत, ही आम्हां सर्वांस लाज आणणारी गोष्ट आहे.

विद्यार्थी मित्रहो, उद्यां फोन हातीं घ्याल तेव्हां आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे एकदां पाहा. तेथें बसणाऱ्या सोबत्यास आजचा धडा तुम्हीं वाचून पाठविला, तर त्या यंत्राचा तुमच्या हातून झालेला तो सर्वांत चांगला उपयोग ठरेल. आणि पालकहो, मोबाइल चांगला कीं वाईट, हा वाद आपण पुढील सभेंतही करूं; परंतु त्यापूर्वीं हंगामास निघतांना आपल्या मुलाच्या वर्गशिक्षकांस आपला नंबर व फडाचें ठिकाण तेवढें अवश्य सांगून जा. पुढचें काम आमचें.